भरलेला फॉर्म घेऊन आलेली बाई: वस्तीत मदतीचं टेबल कसं चालवायचं

पुण्यात दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत मी 21 वर्षं बालवाडी चालवली. बालवाडीत निवृत्तीचं वय नसतं, गुडघे बोलायला लागले की थांबायचं. मी थांबले, आणि त्यानंतर आम्ही चौघींनी दर गुरुवारी दुपारी चार ते सहा एक टेबल मांडायला सुरुवात केली. एक शिवणकाम करते, एक धुण्याभांड्याची कामं करते, एक पूर्वी सरकारी दवाखान्यात आया होती, आणि चौथी मी. नवऱ्याचा मार, दारू, घरात पैसा नाही, पोरगं शाळेत जात नाही, असं सगळं घेऊन बाया तिथं येतात. बिबवेवाडी आणि हडपसरकडच्या दोन-तीन गटांनी विचारलं, आम्हालाही करायचंय, कसं करायचं? प्रत्येकीशी फोनवर तास-तास बोलण्यापेक्षा एकदाच लिहून काढते.

बोर्ड लावू नका

आमची पहिली चूक बोर्डाची. पेंटरकडून झकास रंगवून घेतला होता, ‘महिला मदत केंद्र’, खाली गुलाबाचं फूल. अडीच महिने कुणी फिरकलं नाही. शेवटी कोपऱ्यावरच्या भाजीवालीनं समजावलं, “बाई, त्या दारात पाय टाकला की नळाला पाणी यायच्या आत बातमी घरी.”

बोर्ड काढला. आता दारावर वहीच्या कागदावर स्केचपेननं लिहिलंय: ‘सरकारी फॉर्म भरून मिळतील. मोफत.’ फॉर्म भरायला जाते म्हटलं की सासूही अडवत नाही, उलट स्वतःचं आधार कार्ड सोबत देते. आणि आम्ही फॉर्म खरंच भरतो, अगदी नेमाने. थाप असती तर दोन आठवड्यांत उघडी पडली असती.

जागा निवडताना दोन दारं असलेली बघा. आम्हाला गणपती मंडळाची खोली मिळाली आहे. एक दार रस्त्यावर, दुसरं मागच्या बोळात. भाडं नाही, फक्त ढोल-ताशे भिंतीला टेकवलेले असतात त्यांना हात लावायचा नाही. गणपतीच्या आधी दीड-दोन महिने संध्याकाळी मुलांचा सराव चालतो, त्यात शेजारी बसलेल्याचंही ऐकू येत नाही. आम्ही आधी वैतागलो होतो. मग लक्षात आलं, त्या गोंगाटातच बाया जास्त मोकळं बोलतात.

तर फॉर्म. तुमच्याकडे एक बाई येईल, फॉर्म पुढे करेल, आणि तो आधीच भरलेला असेल. सहीसुद्धा झालेली. ती म्हणेल, “जरा बघा, बरोबर आहे का.” तिला ‘बरोबर आहे, जा’ म्हणून वाटेला लावू नका. मी चष्मा पुसते आणि फॉर्म पहिल्यापासून मोठ्यानं वाचते. नाव. पत्ता. जन्मतारीख. कुटुंबातील व्यक्तींची संख्या. इथं थांबते आणि विचारते, “घरी कोण कोण असतं?” बाई सासू सांगते, दोन मुलं सांगते, दीर सांगते. नवऱ्यापाशी आली की पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागते. मी पेन खाली ठेवते. पुढचं तीच बोलते, त्या दिवशी नाही तर पुढच्या गुरुवारी. एक बाई पाच गुरुवार तोच फॉर्म घेऊन आली होती.

पहिला अर्धा तास

ऐका. तोंडात ‘सोडून दे त्याला’ आलं तर गिळा, ‘संसार म्हटलं की भांड्याला भांडं लागायचंच’ आलं तर दोनदा गिळा. ती पहिल्यांदा येते तेव्हा बहुतेकदा तिला फक्त एवढं हवं असतं, की हे घडतंय यावर कुणीतरी विश्वास ठेवावा. मग विचारा, “तुला काय व्हायला हवंय?” उत्तरं फार वेगवेगळी येतात. एकीला रात्री झोप हवी होती. एकीला नवरा हवा होता, मार नको होता. एकीला फक्त मुलीचा शाळेचा दाखला हवा होता, बाकीचं मी बघते म्हणाली.

नवऱ्याला निरोप पाठवून ‘या, बसून बोलू’ असं कधीही करू नका. पहिल्या वर्षी मी ते केलं होतं. मुलाच्या बालवाडीपासून ओळखीचा माणूस, मला ‘बाई बाई’ करायचा, वाटलं माझं ऐकेल. आला, खाली मान घालून बसला, चहा प्यायला, हात जोडून माफी मागितली. आम्ही चौघी खूश. त्या रात्री त्यानं दाराला कडी लावून तिला मारलं, घरातलं बाहेर सांगितलं म्हणून. ती पुढे आठ महिने आमच्याकडे आली नाही. चहाचा तो कप मला अजून आठवतो. नवऱ्याशी बोलायची वेळ आलीच तर ते तिची परवानगी असताना, तिच्या सुरक्षिततेची सोय झाल्यावर, आणि शिकलेल्या समुपदेशकानं करायचं काम आहे. पोलीस आयुक्तालयात भरोसा सेल आहे, महिला व मुलांसाठीच्या विशेष कक्षात सामाजिक कार्यकर्त्या बसतात. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं 1984 मध्ये मुंबई पोलिसांबरोबर हा कक्ष सुरू केला आणि नंतर तो राज्यभर पसरला. त्यांचा हात त्या कामावर बसलेला आहे. आपला नाही.

पहिल्याच भेटीत काही गोष्टी मात्र विचारायच्याच. गळा दाबला होता का? रॉकेल, गॅस, चाकू असली धमकी दिली का? पोटुशी असताना मारलं का? मारणं हल्ली वाढलंय का? तू निघून जाईन म्हणालीस का, आणि त्याला ते कळलंय का? यातल्या एकाचंही उत्तर ‘हो’ आलं तर प्रकरण साधं नाही. विशेषतः गळा. वरून एक ओरखडा नसतो, बाई म्हणते “काही नाही, आवाज जरा बसलाय.” आमची आयाबाई हे ऐकलं की चप्पल घालूनच उभी राहते. आवाज बसणं, गिळताना दुखणं, डोळ्यात लाल ठिपके, यातलं काही असेल तर त्याच दिवशी दवाखाना. सूज आत असते आणि नंतर वाढू शकते. आणि ज्यानं एकदा गळा दाबला त्याच्या हातून पुढे जीव जाण्याचा धोका बराच जास्त असतो.

निघून जायचं ठरवणं आणि निघणं, या दोन्हींच्या मधले दिवस सगळ्यात धोक्याचे. म्हणून ‘आता लगेच नीघ’ असा जोर करू नका. तयारी करून निघू द्या.

दारू वेगळी, मार वेगळा

तुम्ही बाकी काही विसरलात तरी चालेल, हे लक्षात ठेवा. दहातल्या आठ बाया म्हणतात, “तसा माणूस चांगला आहे, दारू सुटली की सगळं नीट होईल.” मी एकच प्रश्न विचारते: “प्यायल्यावर मुकादमाला मारतो का?” बाई आधी हसते. मग गप्प होते. मुकादमाला मारत नाही, चौकीतल्या साहेबाला मारत नाही, वाटेत भेटलेल्या मामांच्या पाया पडतो आणि घरी येऊन हिला मारतो. म्हणजे दारू चढल्यावरही कुणावर हात उचलायचा याचं भान शाबूत असतं.

दारूनं मार वाढतो, जखम मोठी होते, हे खरंच आहे. पण दारू सुटलेले आणि तरी मारणारे मी पाहिलेत. न पिता मारणारे तर चिक्कार. म्हणून आमच्या वहीत दोन पानं वेगळी असतात. एका पानावर तिची सुरक्षितता, पैसे, कागद. दुसऱ्या पानावर त्याचं व्यसन. पहिलं पान दुसऱ्यासाठी थांबवायचं नाही. ‘आधी त्याला केंद्रात टाकू, मग बघू’ असं म्हणत म्हणत एका बाईची तीन वर्षं गेली.

उलट बाजूही सांगते. व्यसन हा आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. मारणं हा आजार नाही. पिणाऱ्याला शिव्या घालून त्याची दारू सुटत नाही, आणि बायकोनं उपास केल्यानंही नाही.

नकळत औषध देऊ नका

रिक्षांच्या मागे आणि खांबांवर जाहिराती असतात: ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा.’ दर महिन्याला एखादी तरी बाई असली पुडी घेऊन येते. हजार-दोन हजार रुपये मोजलेले असतात, भाजीत मिसळून द्यायला सांगितलेलं असतं. पुडीत काय आहे ते कुणालाच माहीत नसतं. डायसल्फिराम नावाचं एक खरं औषध आहे, ते घेतल्यावर दारू प्यायली की छातीत धडधड, उलट्या, रक्तदाब एकदम खाली. जिवावर बेतू शकतं. म्हणूनच ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, घेणाऱ्याला सगळं समजावून, त्याच्या संमतीनं द्यायचं असतं. वरणात कालवून नाही.

दुसरी चूक, कोंडून ठेवून दारू तोडणं. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू एकदम बंद झाली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात, अंग थरथरतं. लोक म्हणतात बाहेरचं काहीतरी लागलं आणि लिंबू-मिरची आणायला धावतात. ती वेळ हॉस्पिटलची आहे. सुरुवातीचे हे दिवस डॉक्टरांच्या नजरेखालीच काढायचे.

पुण्याला या बाबतीत भाग्यवान म्हणायला हवं. येरवड्यात आळंदी रस्त्याला मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी 1986 मध्ये ते सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी त्यासाठी मदत केली. उपचार 35 दिवसांचे असतात, आणि पुढे पाठपुराव्याला येत राहायचं असतं. पिणाऱ्यांच्या बायकांसाठी तिथं ‘सहचरी’ नावाचा गट आहे. माणूस यायला तयार नसला तर आम्ही आधी बाईलाच घेऊन जातो. आपल्यासारख्या तीस जणींना एका खोलीत बघितलं की तिचा निम्मा भार तिथंच उतरतो. परतीच्या बसमध्ये एरवी न बोलणारी बाई कंडक्टरशी सुट्ट्या पैशांवरून भांडते, आणि मला बरं वाटतं. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांचाच गट, त्यांच्या मराठी बैठकाही शहरात होतात, फी नसते, नाव विचारत नाहीत. घरच्यांसाठी अल-अनॉनच्या बैठका वेगळ्या. रात्री-अपरात्री नुसतं विचारायचं असेल तर 14446 हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय क्रमांक आहे.

स्वस्तातलं एखादं केंद्र कुणी सुचवलं तर आधी स्वतः जाऊन बघा. नातेवाइकांना आत जाऊ देतात का? डॉक्टर रोज येतात का, की भिंतीवर नुसतं नाव आहे? तिथं मारतात का, हे बाहेर पडलेल्या माणसाला एकट्याला गाठून विचारा. आम्ही एकदा न बघता एकाला पाठवलं. तो महिन्यानं परतला तो मनगटावर दोरीचे वळ घेऊन, आणि त्या संध्याकाळीच प्यायला.

घरी आलेला माणूस पुन्हा घसरू शकतो. त्याला ‘स्लिप’ म्हणतात. ती झाली म्हणजे सगळं पाण्यात गेलं असं नाही, परत जायचं. पण बाईला हे आधीच सांगून ठेवा, आणि ‘पुन्हा प्यायला तर तू त्या रात्री कुठं झोपशील’ हेही तेव्हाच ठरवा.

पिशवी

आता कागद. बाईला एक पिशवी तयार करायला लावा. साधी, कापडी, किराण्याच्या दुकानातली. आत तिचं आणि मुलांचं आधार, रेशनकार्डाची झेरॉक्स, मुलांचे जन्मदाखले, शाळेचा बोनाफाइड, बँकेचं पासबुक, लग्नाचा एखादा फोटो किंवा पत्रिका, दवाखान्याचे जुने कागद, रोजची औषधं, घराची जादा किल्ली आणि रिक्षापुरते पैसे. मूळ कागद हलवल्याचं नवऱ्याच्या लक्षात येणार असेल तर झेरॉक्सवर भागवा. पिशवी तिच्या घरात ठेवायची नाही. आमच्याकडेही नाही, कारण रात्री दोनला मंडळाच्या खोलीला कुलूप असतं. दोन घरं सोडून राहणाऱ्या, लवकर दार उघडणाऱ्या बाईकडे ठेवायची.

मोबाइलवर फोटो काढले तर ते गॅलरीत ठेवू नका, विश्वासाच्या माणसाला पाठवून पुसून टाका. आमचा नंबर बायांच्या फोनमध्ये ‘शिलाई’ नावानं आहे. आम्ही आपणहून कधीच फोन करत नाही. तिनं केला आणि मधेच “ब्लाउज झाला का” असं म्हणाली, म्हणजे नवरा जवळ आला. मग आपण “मंगळवारी ने” म्हणून ठेवायचं.

दवाखान्यात डॉक्टर विचारतात, काय झालं? बाई म्हणते, “मोरीत पडले.” कागदावर तेच येतं, आणि दोन वर्षांनी कोर्टात समोरचा वकील तोच कागद वर धरतो. बाईला आधीच सांगा, पोलिसांत जायचं की नाही ते नंतर ठरव, पण डॉक्टरला खरं सांग: कुणी मारलं, कशानं, कधी. ससूनसारख्या मोठ्या सरकारी दवाखान्यात अशी नोंद एमएलसी, म्हणजे पोलीस-कोर्टात चालणारी वैद्यकीय नोंद, म्हणून होते. केसपेपरची प्रत सोबत घेतल्याशिवाय निघायचं नाही.

चौकीत गेलात तर एकटं जाऊ नका, आणि तिथं भाषण ठोकू नका. तक्रार घरूनच लिहून न्या, तारीख-वार घालून, दोन प्रती. एकीवर शिक्का आणि सही घेऊन परत आणायची. पुष्कळदा एनसी लिहून देतात, म्हणजे अदखलपात्र नोंद. बाया म्हणतात एनसीनं काय होतं? त्या कागदानं पोलीस लगेच कुणाला उचलत नाहीत हे खरं, पण पुढे हिंसाचार जुना आहे हे दाखवायला तोच उपयोगी पडतो, म्हणून नंबर जपून ठेवा. नवऱ्याच्या आणि सासरच्यांच्या छळाचं पूर्वीचं 498-अ कलम 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत कलम 85 झालंय, हे ठाऊक असू द्या. जुनाच आकडा बोललात तरी त्यांना कळतं. ‘ही आमची हद्द नाही’ असं कारण सांगितलं तर शून्य क्रमांकानं, म्हणजे कुठल्याही चौकीत, गुन्हा नोंदवता येतो हे शांतपणे म्हणा. एफआयआरची प्रत फुकट मिळते. एका चौकीत आम्हाला सलग तीनदा ‘साहेब नाहीत’ म्हणून परत पाठवलं. चौथ्या वेळी आम्ही डबा घेऊन गेलो, बाकावर बसून जेवलो, आणि थांबलो. साहेब आले.

2005 चा कायदा, बाईच्या भाषेत

पोलिसांचं नाव काढलं की निम्म्या बाया मागे सरतात. नवऱ्याला आत टाकायचं नसतं, मुलांचा बाप असतो. त्यांच्यासाठी कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा 2005 चा कायदा आहे, आणि वस्तीत तो फारच कमी जणींना माहीत असतो.

मी असं सांगते: “या अर्जानं नवरा लगेच तुरुंगात जात नाही. कोर्ट त्याला हुकूम देतं, हिला हात लावू नको, घराबाहेर काढू नको, घरखर्चाला इतके पैसे दे. हुकूम मोडला तर मात्र तो गुन्हा, एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.” घर तिच्या नावावर नसलं तरी राहत्या घरात राहायचा हक्क तिला आहे. हे ऐकल्यावर बाया माझ्याकडे, मी काहीतरी चुकीचं बोलले असं बघतात, म्हणून मी दोनदा सांगते. मार म्हणजे फक्त हातानं मारणं नव्हे. शिव्या, जबरदस्तीचे संबंध, पगार काढून घेणं, किराण्याला पैसे न देणं, हे सगळं त्यात येतं. बायकोच कशाला, आई, बहीण, लग्नाशिवाय एकत्र राहणारी बाईही अर्ज करू शकते. आमच्याकडे पोराच्या माराला कंटाळलेल्या दोन आज्या आल्या आहेत.

सुरुवात संरक्षण अधिकाऱ्यापासून. महिला व बालविकास विभागाचं हे पद, ते घटनेचा अहवाल भरून देतात आणि अर्ज कोर्टात जातो. बाई माहेरी येऊन तात्पुरती राहत असेल तर इथल्या कोर्टात अर्ज चालतो, सासर लातूरला असलं तरी. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत लावायचा प्रयत्न व्हावा असं कायदा म्हणतो. तेवढ्यात होत नाही, हे बाईला आधीच सांगा, नाहीतर तिसऱ्या तारखेला ती तुमच्यावरच चिडेल. मात्र तातडीचा अंतरिम हुकूम मागता येतो, तो वकिलाला मागायला लावा.

आणखी एक कलम मला फार आवडतं. खर्चाचे पैसे नवरा देत नसेल तर कोर्ट त्याच्या मालकाला सांगू शकतं की पगारातून थेट बाईला द्या. शनिवारी पगार आणि रविवारी रिकामा खिसा, असं ज्या घरात चालतं तिथं याची किंमत कळते.

वकिलाला पैसे कुठून आणायचे? बाईला वकील मोफत मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, फोन 15100. स्वारगेटहून आता मेट्रोनं जिल्हा न्यायालय स्टेशनला उतरायचं. पहिल्या खेपेला सोबत जा. जिना सरकतो म्हणून निम्म्या जणी तिथंच थबकतात, आणि कोर्टाची भीती त्या जिन्यापाशीच निम्मी दिसते.

घराबाहेर पडायची वेळ आलीच तर 181 या महिला हेल्पलाइनवर विचारून सखी वन स्टॉप सेंटरचा पत्ता घ्या, तिथं तात्पुरता निवारा, वैद्यकीय मदत, कायदा, सगळं एका ठिकाणी मिळावं अशी सोय आहे. मुलांसकट लांब मुक्कामाची वेळ आली तर वढू बुद्रुकला 1997 पासून ‘माहेर’ ही निवारा देणारी संस्था आहे. आपल्या घरी बाईला ठेवू नका. मनात माया दाटते, कळतं मला. पण नवरा तुमच्या दारात येतो, आणि पुढच्या सगळ्या बायांसाठी ते टेबल बंद पडतं.

पैसा

इथं मी थोडक्यात उरकते, कारण फॉर्म तुम्हालाही भरता येतात. एकट्या आईच्या मुलांसाठी बालसंगोपन योजना, दर मुलामागे महिन्याला 2250 रुपये, जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात. विधवा, टाकलेल्या, घटस्फोटाच्या मार्गावरच्या बायांसाठी संजय गांधी निराधार योजना, महिन्याला 1500, तहसील कार्यालयात. उत्पन्नाचा दाखला वर्षाला 21 हजारांच्या आतला लागतो. बाईचं खातं स्वतःचं, एकटीचं, आणि नवऱ्याचा मोबाइल नंबर त्याला जोडलेला नाही ना, हे आधी तपासा. दोन जणींचे पैसे जमा झाल्याचा मेसेज नवऱ्याच्या फोनवर जात होता. बँकेत जाऊन नंबर बदलला तेव्हा कुठे ते पैसे त्यांना दिसले.

आणि बचत गटाचं, मायक्रोफायनान्सचं कर्ज कुणाच्या नावावर आहे ते जरूर विचारा. घेतलेलं असतं तिच्या सहीनं, उडवलेलं त्यानं, आणि आठवड्याच्या हप्त्याला दारात उभे राहतात ते तिला बोलतात.

किराणा किट वाटत असाल तर फोटो काढू नका. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये पीठ-तेलाच्या पिशवीसोबत हसायला लावलेल्या बायांचे फोटो अजून फिरतात. त्यातली एक आमच्याकडे वर्षभर आली नाही, का ते तिनं नंतर सांगितलं.

मुलं

बाई बोलत असताना मूल तिच्या मांडीवर नको. त्याला कळतं. आमच्याकडे खडूचा डबा आणि पाठकोरे कागद आहेत, एक जण मुलांबरोबर बसते. पण ‘घरी काय होतं ते काढ’ असलं काही सांगू नका, आपण त्यातल्या तज्ज्ञ नाही. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर मात्र ‘बघू, विचार करू’ चालत नाही. पोक्सो कायद्यानं ते पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे, आणि बाईलाही हे तसंच स्पष्ट सांगायचं. 1098 मुलांसाठी आहे.

मंडळाची पोरं

वस्तीत बातमी फुटली की पोरं येतात: “बाई, नाव सांगा फक्त, हाडं सैल करतो.” त्यांना परत पाठवू नका, काम द्या. आमच्याकडे तिघांकडे रिक्षा आहे, रात्री केव्हाही दवाखान्यात न्यायची तयारी आहे. आरडाओरडा ऐकू आला की दार वाजवायचं आणि म्हणायचं, “वहिनी, पाणी आलंय.” एवढंच. पुण्यात पाणी आलंय म्हटलं की कुठलंही दार उघडतं. उघडलं नाही तर 112 वर पोलिसांना फोन. पोरांनी मारलं तर गुन्हा पोरांवर, आणि दुसऱ्या दिवशी त्याचं उट्टं बाईवर.

टेबलामागे बसणाऱ्यांनी

दोघींशिवाय टेबल लावायचं नाही. वहीत नाव लिहायचं नाही, नंबर लिहायचा, आणि नंबर-नावाची यादी दुसऱ्या घरात. स्वतःच्या पर्समधून पैसे द्यायचे नाहीत. आमचा एक डबा आहे, त्यातून रिक्षाभाडं आणि झेरॉक्स, खर्च मागे लिहिलेला. संस्था नोंदवायची घाई नको. ऑडिट, धर्मादाय आयुक्त, वार्षिक सभा, या सगळ्यात गुरुवारच जातो. आधी जुन्या संस्थांशी ओळख करा. 1982 मध्ये मंजुश्री सारडा या नवविवाहितेच्या सासरी झालेल्या संशयास्पद मृत्यूनं पुणं हादरलं, त्यानंतर विद्या बाळ आणि त्यांच्या मैत्रिणींनी नारी समता मंच उभा केला. त्यांचं ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन मी शाळकरी वयात आईचा हात धरून पाहिलं होतं, तेव्हा नीटसं कळलं नव्हतं. चाळीस वर्षांचा अनुभव शहरात आहे, तो वापरा.

एखादी बाई परत नवऱ्याकडे जाईल. तीनदा जाईल. तोंड वाकडं करायचं नाही. चौथ्यांदा ती तुमच्याचकडे यावी असं वाटत असेल तर तिसऱ्यांदा जाताना ‘पिशवी जागेवर आहे ना?’ एवढंच विचारायचं. आणि ऐकून ऐकून तुमचीच झोप उडाली तर 14416 या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा, मी केलाय.

शेवटचं काम चिठ्ठीचं. 112, 181, 1098, 15100, 14446 आणि ‘शिलाई’चा नंबर, वर काहीही शीर्षक न देता, बसच्या तिकिटाएवढ्या कागदावर. बाया ती सॅनिटरी पॅडच्या पाकिटात ठेवतात, तिथं नवऱ्याचा हात जात नाही. झेरॉक्सच्या एका कागदात अशा चोवीस बसतात. कात्रीनं कापत बसू नका, दुकानदाराकडे कटर असतो, त्यालाच सांगा.